7.38 सेकंदांचं भांडण

दर वर्षी फेब्रुवारी उजाडला की अमेरिकन फुटबॉलच्या नादी लागलेल्या मंडळींत एक ठरलेलं भांडण सुरू होतं. कॉलेजातला अमुक रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा गडी, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये चालणार की आपटणार? नावं बदलतात, मुद्दे तेच. उंची, वजन, 40 यार्डांची वेळ, आणि मग कुणीतरी म्हणतंच, "ते सगळं ठीक, पण त्याला रूट कुठे पळता येतात?" (रूट म्हणजे झेलासाठी पळायची ठरलेली वाट.) हे भांडण नीट घालायला शिकायचं असेल तर सरावाला 2019 सालचा डीके मेटकाफ घ्यावा. निकाल लागून गेलाय, आकडे जाहीर आहेत, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचे बहुतेक मुद्दे खरे होते. तरी बऱ्याच संघांचा हिशेब चुकला.

ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातले खेळाडू संघांनी वाटून घ्यायची पद्धत, ज्यांना नवी असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आयपीएलच्या लिलावासारखी बोली इथे लागत नाही. 32 संघ, सात फेऱ्या, आणि आदल्या हंगामात जो तळाला त्याची पाळी पहिली. पाळ्यांची आपसात देवघेव चालते. खेळाडूचं नाव जितकं उशिरा पुकारलं जाईल तितका त्याचा पहिला करार स्वस्त. म्हणून "खेळाडू चांगला आहे का" हा अर्धाच प्रश्न झाला. तो कितव्या पाळीला परवडतो, हा उरलेला अर्धा.

मेटकाफ मिसिसिपी विद्यापीठाचा, म्हणजे 'ओल मिस'चा. मार्च 2019 मध्ये इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, जिथे ड्राफ्टच्या उमेदवारांची मोजमापं आणि चाचण्या होतात, तो 6 फूट 3 इंच आणि 228 पौंड भरला. म्हणजे 103 किलो. या देहाने 40 यार्ड, साधारण साडेछत्तीस मीटर, 4.33 सेकंदांत कापले. जागेवरून उभी उडी साडेचाळीस इंच, लांब उडी 11 फूट 2 इंच, 225 पौंडांचा बार 27 वेळा. इथवर सगळे खूश. मग उरलेल्या दोन चाचण्या झाल्या. पाच-दहा-पाच यार्डांच्या शटलला 4.50 सेकंद, आणि थ्री-कोनला 7.38.

या 7.38 वरून जे रान उठलं ते विचारू नका. टॉम ब्रेडी या क्वार्टरबॅकने, म्हणजे पास फेकणाऱ्या गड्याने, 2000 साली हीच चाचणी 7.20 मध्ये पुरी केली होती, आणि ब्रेडी 40 यार्डांना 5.28 सेकंद घेणारा माणूस. मेटकाफ ब्रेडीपेक्षा जड वळतो, हे वाक्य त्या वसंतात लोकांनी झिजवून झिजवून गुळगुळीत केलं.

ही चाचणी नेमकं काय मोजते? तीन शंकू काटकोनात मांडतात, पाच-पाच यार्डांच्या अंतरावर. पहिल्याकडून दुसऱ्याकडे पळायचं, वाकून रेघेला हात लावायचा, परत पहिल्याकडे येऊन पुन्हा हात लावायचा. मग दुसऱ्याला बाहेरून वळसा, तिसऱ्याला आतून प्रदक्षिणा, पुन्हा दुसऱ्याला वळसा आणि घरी. एकूण 30 यार्ड. पाच यार्डांत वेग पकडायचा आणि लगेच तो मोडायचा, असा सगळा मामला. उंच, लांब पायांच्या, वजनदार माणसाला हात जमिनीला टेकवायला जास्त खाली यावं लागतं आणि तिथून उठायला जास्त जोर लागतो. शिवाय ही चाचणी घोटवून घेता येते. वळताना आतल्या खांद्याने किती झुकायचं, कुठल्या हाताने रेघ शिवायची, हे सगळं कम्बाइनच्या आधी कित्येक आठवडे शिकवतात. मेटकाफ त्या काळात मानेच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता. त्याबद्दल पुढे.

आता हा आकडा मैदानावर कुठे लागतो ते पाहू. रिसीव्हरच्या रूटना अंक असतात. 1 फ्लॅट, 2 स्लँट, 3 कमबॅक, 4 कर्ल, 5 आउट, 6 डिग, 7 कॉर्नर, 8 पोस्ट, 9 गो. सम अंक मैदानाच्या आत वळणारे, विषम बाहेरच्या रेघेकडे, आणि 9 म्हणजे नाकासमोर. यातले 3, 4 आणि 5 हे ब्रेकवर, म्हणजे एकदम थांबून वळण्यावर, चालणारे रूट. कमबॅकच घ्या. 15 यार्ड जीव तोडून पळायचं, थांबायचं आणि रेघेकडे तिरकं 12 यार्डांवर परत यायचं. ज्याला हे येतं तो तीन पावलांत थांबतो, कमरेत खाली बसतो, पण छाती गुडघ्यांच्या पुढेच ठेवतो, म्हणजे समोरच्या कॉर्नरला (त्याला अडवणाऱ्या बचावपटूला) तो अजून पळतोच आहे असं वाटतं. ज्याला येत नाही त्याचे खांदे ब्रेकच्या आधीच वर उठतात आणि पावलं आखूड व्हायला लागतात. कॉर्नर नेमकं तेच वाचतो. त्यात क्वार्टरबॅक पाच पावलं मागे जाऊन चेंडू सोडतो तेव्हा रिसीव्हरने अजून मान फिरवलेली नसते, चेंडू जागा धरून फेकलेला असतो. रिसीव्हरला एक-दोन पावलं जास्त लागली तर त्या जागी कॉर्नर आधी पोचतो, आणि रेघेलगत हिसकावलेला चेंडू कधीकधी थेट उलट्या दिशेच्या टचडाउनपर्यंत, म्हणजे शेवटच्या रेघेपार, जातो. तेव्हा 7.38 हा आकडा खोटा नव्हता. मेटकाफला थांबायला खरंच जास्त पावलं लागत, आणि फिल्म बघणाऱ्यांना ते कम्बाइनच्या आधीपासून दिसत होतं.

पण 2, 8 आणि 9 या रूटना थ्री-कोनचं काय घेणं-देणं? स्लँटला तीन पावलं आणि तिरका कट. पोस्टला 12-14 यार्डांवर वेग न मोडता गोलपोस्टच्या दिशेने झुकायचं. गोला तर वळायचंच नाही. या तिन्हींत निकाल लागतो पहिल्या पाच यार्डांत, कॉर्नर अंगाला अंग लावून उभा असतो तिथे. त्याचे हात छातीवर पडण्याआधी ते झटकायचे, कबड्डीत चढाईवाला कोपरा-रक्षकाचा हात मनगटावर येण्याआधी झटकतो तसे, आणि मग खांदा त्याच्या खांद्याच्या पुढे काढायचा. 103 किलोचा माणूस 4.33 च्या वेगाने खांदा पुढे काढून गेला की मागच्याने करायचं काय?

इथे कॉलेज आणि एनएफएलच्या नियमांतला एक फरक बरेच जण विसरतात. एनएफएलमध्ये बचाव करणाऱ्याला पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला रेटता येत नाही, दंड होतो. कॉलेजात चेंडू हवेत जाईपर्यंत रेटारेटी बऱ्यापैकी चालते. म्हणजे कॉलेजात जो पहिला टप्पा ताकदीवर सोडवतो, त्याचं काम एनएफएलमध्ये एका अर्थी हलकंच होतं. उलट बाजूही आहे. डाव सुरू करताना चेंडू ज्यांच्या दरम्यान ठेवतात त्या हॅश रेघा एनएफएलमध्ये एकमेकींपासून साडेअठरा फुटांवर, कॉलेजात 40 फुटांवर. चेंडू एका बाजूच्या हॅशवर ठेवला की कॉलेजात दुसरीकडे ऐसपैस जागा मोकळी पडते. तिथला रिसीव्हर रिकामा दिसला की आपण "वा" म्हणतो, पण त्यातली अर्धी करामत भूमितीची असते. रेघेजवळचे झेल तपासताना आणखी एक पाहायचं. कॉलेजात एक पाय आत टेकला तरी झेल धरतात, एनएफएलमध्ये दोन लागतात. झेल पुन्हा पाहताना दुसरा पाय कुठे पडतोय तो बघा.

फिल्म बघायची तर टीव्हीचं प्रक्षेपण कामाचं नाही. कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि रिसीव्हर दुसऱ्याच सेकंदाला चौकटीबाहेर जातो. 22 च्या 22 खेळाडू दिसणारी, उंचावरून घेतलेली फिल्म हवी. निदान तीन सामने घ्यावेत, त्यातला एक तरी तगड्या बचावाविरुद्ध, आणि चेंडू न आलेले रूटही मोजावेत. प्रत्येक वेळी पाच गोष्टी टिपायच्या. कुठल्या बाजूला उभा होता, कॉर्नर चिकटून होता की सात-आठ यार्ड मागे, सुटका कशी केली, कुठला रूट, आणि क्वार्टरबॅकने हात मागे घेतला त्या क्षणी तो मोकळा होता का. शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. चेंडू कुणाकडे गेला यात क्वार्टरबॅकची आवड, समोरून अंगावर धावून येणारा आडदांड गडी, प्रशिक्षकाचा आराखडा असं बरंच मिसळलेलं असतं. सुटलेले झेलही वेगवेगळे मोजायचे. खांद्यावरून येणारा चेंडू सुटला की छातीसमोरचा? हातांनी धरायला गेला की अंगावर घेतला? मेटकाफच्या हातून चेंडू सुटत, हा आक्षेप रास्तच होता.

मेटकाफची अशी नोंद केली की चित्र एकदम एकांगी येतं. बहुतेक वेळा डाव्या बाजूला उभा, गो, स्लँट, थांबून वळणारा आखूड रूट आणि त्याच आखूड रूटचा चकवा देऊन पुन्हा गो. फिल लाँगो यांच्या वेगवान आक्रमणात त्याच्याकडून एवढंच मागितलं जात होतं. आणि इथेच दोन गोष्टींची गल्लत झाली. "हे त्याला येत नाही" आणि "हे त्याला करायलाच सांगितलं नाही" या वेगळ्या नोंदी आहेत. पहिलीला पुरावा लागतो. दुसरीला फक्त जोखीम म्हणून किंमत कमी करायची असते.

कॉलेजचे आकडे. 2018 मध्ये सात सामन्यांत 26 झेल, 569 यार्ड, 5 टचडाउन. झेलामागे जवळजवळ 22 यार्ड. यातला एक झेल बाजूला काढून बघण्यासारखा. अलाबामाविरुद्ध सामन्याचा पहिलाच डाव (म्हणजे चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतची एक चाल), आणि मेटकाफ 75 यार्ड पळून टचडाउन. (सामना अलाबामाने 62-7 ने जिंकला, तो भाग वेगळा.) हा झेल वगळला तरी उरलेल्या 25 झेलांची सरासरी 19.8 राहते. म्हणजे एका लॉटरीवर उभा असलेला हंगाम नव्हता. सरासरीवर बोलताना मोठा झेल काढून पुन्हा भागाकार करायची सवय लावून घ्यावी, निम्मे वाद तिथेच मिटतात.

त्याच संघात ए. जे. ब्राउन होता. 12 सामन्यांत 85 झेल, 1,320 यार्ड. सामन्यामागे 110, मेटकाफचे 81. आकडेमोडवाले संघाच्या एकूण यार्डांत आणि टचडाउनांत खेळाडूचा वाटा किती हे काढतात, आणि तो वाटा 20 टक्क्यांच्या वर पहिल्यांदा कितव्या वर्षी गेला ते वय बघतात. वय जितकं कमी तितकं बरं. या हिशेबात मेटकाफ ब्राउनच्या सावलीत दिसायचा. पण त्याची तीन वर्षं मिळून 67 झेल, 1,228 यार्ड आणि 14 टचडाउन झाले ते दोन हंगाम मोडून. 2016 मध्ये पायाचं हाड मोडलं, त्या वर्षीचे झेल दोन आणि दोन्ही टचडाउन. ऑक्टोबर 2018 मध्ये आर्कन्सॉविरुद्ध मानेला इजा झाली, हंगाम संपला आणि शस्त्रक्रिया झाली.

मान. इंटरनेटवर सगळे थ्री-कोनवर भांडत होते तेव्हा संघांच्या खोल्यांत खरी खलबतं यावर झाली असणार, असं आपलं माझं मत. कम्बाइनचा निम्मा हेतूच वैद्यकीय तपासणी हा असतो. प्रत्येक संघाचे डॉक्टर आपापला शेरा देतात आणि तो शेरा बाहेर येत नाही. म्हणून एखादा खेळाडू अकारण घसरताना दिसला की आधी दुखापतीची यादी काढावी, मग शंकूंकडे वळावं.

वेगावर भाळणाऱ्यांना जमिनीवर आणायला एक जोडी सांगतो. जॉर्जिया टेक हे धावत्या खेळाचं कॉलेज, पास क्वचित. तिथून 2010 मध्ये डेमेरियस थॉमस आला. उंच, दांडगा, शेवटच्या वर्षी 46 झेलांत 1,154 यार्ड. पहिल्या फेरीत 22 वा गेला, डेन्व्हरसोबत सुपर बोल जिंकला आणि कारकिर्दीत साडेनऊ हजारांवर यार्ड जमवले. दोन वर्षांनी त्याच कॉलेजातून स्टीफन हिल. 6 फूट 4 इंच, 40 यार्डांना 4.36, आधीच्या हंगामात 28 झेलांत 820 यार्ड. न्यूयॉर्क जेट्सने 43 व्या पाळीला घेतला. एनएफएलमध्ये एकूण 45 झेल, आणि खेळ खलास. आराखडा एकच, साचा एकच, वेग जवळपास सारखा. 28 झेल पाहून कुणाचे हात कसे आहेत हे ठरवताच येत नाही, एवढंच हिलने दाखवलं. मेटकाफचे 67 झेल म्हणजे फार नाहीत, पण 28 पेक्षा बरेच.

वेगाला वजनाची जोड द्यायचं एक जुनं सूत्र आहे, मुळात रनिंग बॅकसाठी, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या गड्यासाठी, केलेलं. वजन पौंडांत गुणिले 200, भागिले 40 यार्डांच्या वेळेचा चौथा घात. शंभरच्या आसपास म्हणजे बरा. मेटकाफ येतो जवळजवळ 130. त्याच वर्षीचा ए. जे. ब्राउन 226 पौंड आणि 4.49 वर 111, एन्कील हॅरी 228 आणि 4.53 वर 108, टेरी मॅक्लॉरिन 208 आणि 4.35 वर 116. कागद-पेन घेऊन करून बघा. मात्र हे सूत्र फक्त इंजिन मोजतं. ब्रेक आणि स्टिअरिंग त्यात नाहीत, आणि मॅक्लॉरिन-हॅरी यांच्यात पुढे जो जमीन-अस्मानाचा फरक पडला तो आठ गुणांचा नव्हता.

आता किंमत. नॅशव्हिलचा ड्राफ्ट, एप्रिल 2019. मेटकाफच्या आधी आठ रिसीव्हर गेले. मार्कीस ब्राउन 25 वा, हॅरी 32 वा, डीबो सॅम्युअल 36 वा, ए. जे. ब्राउन 51 वा, मग हार्डमन, आर्सेगा-व्हाइटसाइड, कॅम्पबेल, इझाबेला. मेटकाफ नववा, दुसऱ्या फेरीच्या अगदी शेवटी, 64 वा. घेतला सिॲटलने, आणि सिॲटलनेही 29 आणि 47 या आपल्या दोन पाळ्यांना त्याला सोडलंच होतं. 64 वी पाळी त्यांनी न्यू इंग्लंडकडून 77 वी आणि 118 वी देऊन घेतली. प्रत्येक पाळीची किंमत गुणांत मांडणाऱ्या, प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या जुन्या तक्त्यात 64 व्या पाळीचे 270 गुण, 77 चे 205, 118 चे 58. म्हणजे 263 देऊन 270 घेतले, चोख व्यवहार. त्याच तक्त्यात 32 व्या पाळीचे 590 आहेत. न्यू इंग्लंडने 590 गुणांना हॅरी घेतला आणि 263 गुणांना मेटकाफची पाळी विकली. हॅरीने तिथे तीन हंगामांत 57 झेल आणि 598 यार्ड केले.

हा पश्चातबुद्धीचा खेळ आहे, मान्य. पण त्या दिवशीही विचारता आला असता असा एक प्रश्न होता. तुमचा क्वार्टरबॅक कुठला रूट फेकतो? सिॲटलकडे रसेल विल्सन. उंच, अलगद, खांद्यावरून टोपलीत पडावा असा लांबचा चेंडू त्याच्यासारखा फेकणारे तेव्हा मोजके. बाहेरच्या कमबॅकवर त्यांचं घर चालत नव्हतं. धावता खेळ दाखवायचा, सेफ्टीला, म्हणजे सगळ्यात मागच्या बचावपटूला, पुढे ओढायचं आणि डोक्यावरून 9 किंवा 8 मारायचा, हा त्यांचा धंदा. अशा घरी 7.38 ची किंमत कमी आणि 4.33 ची जास्त. उलट, वेळेवर ब्रेक मारणाऱ्यांवर चालणाऱ्या आखूड पासांच्या संघाने त्याला सोडलं असेल तर त्यात मला चूक दिसत नाही. म्हणून "मेटकाफ पहिल्या फेरीचा होता का" या प्रश्नाला 32 संघांची 32 उत्तरं निघतील. संघाचं नाव न घेता खेळाडूला फेरी देणारे याद्यावाले मला म्हणूनच फार पटत नाहीत.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या वर्षी 58 झेल, 900 यार्ड. दुसऱ्या वर्षी 83 झेल, 1,303 यार्ड, 10 टचडाउन. सिॲटलच्या सहा हंगामांत 6,324 यार्ड, आणि एकाही वर्षी 900 च्या खाली नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये चेंडू हिसकावून पळालेल्या बुडा बेकरला त्याने मागून गाठलं तेव्हा वेग ताशी 22.64 मैल नोंदला गेला. त्याच्या महिनाभर आधी डॅलसविरुद्ध तो टचडाउनच्या उंबरठ्यावर सैलावला आणि ट्रेव्हॉन डिग्जने मागून येऊन चेंडू पाडला, हेही लिहून ठेवायला हवं. शंका घेणाऱ्यांचं सगळंच चुकलं असंही नाही. मार्च 2025 मध्ये सिॲटलने त्याला पिट्सबर्गला दिलं ते पुन्हा एका दुसऱ्या फेरीच्याच पाळीसाठी.

जानेवारी 2020, फिलाडेल्फिया, प्लेऑफ. मेटकाफचे सात झेल, 160 यार्ड. समोरच्या संघाने ड्राफ्टमध्ये 57 व्या पाळीला आर्सेगा-व्हाइटसाइड घेतला होता. मेटकाफचा त्या सामन्यातला 53 यार्डांचा टचडाउन पुन्हा पाहा. लांबचा चेंडू, मेटकाफ तो धरताना तोल जाऊन जमिनीवर येतो, कुणाचाही हात लागलेला नाही, तसाच उठतो आणि शेवटचे काही यार्ड रेटत आत घुसतो. कॉलेजात गुडघा टेकला त्याच क्षणी डाव संपला असता. एनएफएलमध्ये कुणी शिवल्याशिवाय तो संपत नाही.